कच्चं मडकं, फेल आणि मोदक

तुम्ही सास्तूरच्या एका शाळेत मागच्या बाकावर बसला आहात. जुलै उजाडलाय, खिडकीबाहेर सोयाबीन वीतभर वर आलंय, आणि फळ्यावर काळांचा तक्ता आहे. सरांची व्याख्या सांगून झाली. आता ते पुढच्या बाकावरच्या मुलीला उठवतात. "बाहेर बघ आणि अपूर्ण वर्तमानकाळातलं एक वाक्य सांग."

मुलगी बाहेर बघते. "पाऊस पडायलाय सर."

वर्ग हसतो. सरही हसतात. "पुस्तकातलं सांग."

"पाऊस पडत आहे."

"बस."

हसू ओसरायच्या आत एक गोष्ट मनाशी नोंदवून ठेवा. दोन्ही वाक्यं अपूर्ण वर्तमानकाळाचीच आहेत. पहिलं वाक्य पाऊस बघून आलं, दुसरं पाठांतरातून आलं, आणि गुण दुसऱ्याला मिळाले. मराठवाड्यात पाऊस 'पडायलाय', आई भाकरी 'करायलीय', बाप शेताकडं 'जायलाय'. अख्खा मुलूख हा काळ रोज वापरतो, फक्त तक्त्यात त्याला जागा नाही. व्याख्या आधी सांगून उदाहरण मागितलं की मूल पुस्तकाकडं बघतं. उदाहरण तोंडून निघून गेल्यावर नाव सांगितलं की ते नाव चिकटतं. लोहारा-उमरग्याच्या अभ्यासिकांमध्ये मो. रा. वाळंब्यांचं व्याकरणाचं पुस्तक उघडून बसलेली मुलं समासाचे प्रकार घोकतात, परीक्षा झाली की विसरतात. पुस्तकाचा त्यात दोष नाही. यातली प्रत्येक संज्ञा कुठंतरी कुणीतरी अडखळलं म्हणून जन्माला आली, आणि ती अडखळण्याची जागा आपण मुलांना दाखवत नाही, असा माझा दावा आहे. हट्ट म्हणा हवं तर. तेव्हा उठा, त्या जागा बघून येऊ.

पहिली उडी लहान आहे. ऑक्टोबर १९९३. गाव तेच, पण उभं नाही. तालुका अजून उमरगा आहे आणि जिल्हा उस्मानाबाद. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. घरं जाड दगडी भिंतींची, चिखलात बांधलेली. वर लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती माणसांच्या अंगावर आली. किल्लारी आणि सास्तूर ही सगळ्यात जास्त मार बसलेली गावं. तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये उभे आहात आणि एक आजोबा पाहुण्याला सांगतायत, "हादरलं. मग उजाडलं."

दोन क्रियापदं, आणि कर्ता एकालाही नाही. काय हादरलं? कोण उजाडलं? मराठी व्याकरण याला भावकर्तरी प्रयोग म्हणतं. क्रियेचा भाव हाच तिथं कर्ता मानायचा. वर्गात 'सांजावलं', 'मळमळतं', 'गडगडतं' ही उदाहरणं देतात आणि मुलं ती वहीत उतरवून घेतात. इथं शेडमध्ये तो प्रयोग वापरल्यावाचून बोलताच येत नाही, कारण त्या क्रियेचा कर्ता कुणाला ठाऊकच नाही.

थोडं पुढं सरका. सरकारनं ५२ गावं नव्या जागी वसवली, सास्तूरही त्यांत आलं. सरळ रस्ते, आखीव घरं. आता तिथं कुणी म्हणालं, "आधी आमचं घर तिकडं होतं", तर शेजारी विचारत नाही, कशाच्या आधी. 'भूकंपाआधी' मधलं 'आधी' हे शब्दयोगी अव्यय, एकटं आलेलं 'आधी' क्रियाविशेषण, एवढं पुस्तक सांगतं. पण या गावात एकट्या 'आधी'लाही एक नाम लागूनच असतं, फक्त ते बोललं जात नाही. न बोलता समजून घ्यायच्या अशा शब्दाला अध्याहृत म्हणतात. हा शब्द मला परिभाषेतला फार देखणा शब्द वाटतो, आणि तो शिकवायला सास्तूरसारखं गाव नाही.

आता साठ-पासष्ट वर्षं मागं. गाव आजच्या लोहारा तालुक्यातलंच, हिप्परगा. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू, मोठ्या शाळांची भाषाही उर्दू. हिप्परग्याला मात्र १९२१ साली सुरू झालेली राष्ट्रीय शाळा आहे आणि ती मराठीतून शिकवते. मुख्याध्यापक आहेत व्यंकटेश खेडगीकर. पुढं हेच स्वामी रामानंद तीर्थ म्हणून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. तुम्ही दोन वर्षं तालुक्याच्या उर्दू शाळेत काढून इथं आला आहात. गुरुजी फळ्यावर वाक्य लिहितात आणि विचारतात, "यातलं क्रियापद कोणतं?"

तुम्हाला उत्तर येतं, नाव येत नाही. तोंडातून निघतं, "फेल, गुरुजी."

आजच्या कानाला फेल म्हणजे नापास. उर्दू व्याकरणात फेल म्हणजे क्रियापद. तिथं शब्दांची वाटणी तीन गटांत असते: इस्म, फेल, हर्फ. म्हणजे नाम, क्रियापद आणि उरलेलं सगळं. कर्त्याला फाइल म्हणतात, कर्माला मफऊल. पुल्लिंग मुजक्कर, स्त्रीलिंग मुअन्नस. एकवचन वाहिद, अनेकवचन जमा. उपमेला तशबीह, रूपकाला इस्तिआरा, अतिशयोक्तीला मुबालगा. मराठवाड्यातली कितीतरी जुनी माणसं व्याकरण असं शिकली. घरात मराठी, पाटीवर उर्दू, आणि 'कर्ता' हा शब्द कानावर आला तो कीर्तनात, 'कर्ता करविता' म्हणून.

गुरुजी रागावत नाहीत. ते बाजूला आडवी रेघ मारून लिहितात: फेल, क्रियापद. मग विचारतात, "उर्दूत शब्दांचे गट तीन, आपल्याकडं आठ. बरोबर कुणाचं?" प्रसंग मी रचलाय, प्रश्न मात्र खरा आहे. यास्काच्या निरुक्तात गट चार आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. अरबी परंपरेत तीन. पावसाळ्यात शेतातल्या चिखलाला शेतकरी किती नावं देतो आणि शहरातला माणूस किती, तसाच हा मामला. शब्द तेच असतात, गट पाडणाऱ्याची गरज बदलते. मराठीत आठ आले कुठून?

त्यासाठी मुंबई गाठावी लागेल. साल १८३६. दादोबा पांडुरंग तर्खडकर २२ वर्षांचे आहेत आणि त्यांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापून येतंय. त्यांच्या एका बाजूला संस्कृत व्याकरण आहे, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. विभक्ती, समास, संधी ही नावं पहिल्या बाजूनं आली. शब्दांच्या आठ जाती दुसऱ्या बाजूच्या वळणानं आल्या. पण मराठीत काही गोष्टी अशा निघाल्या की दोन्हीकडचं माप बसेना.

रस्त्यावर या. कंपनीचा एक तरुण गोरा अधिकारी मोतद्दाराला सांगतोय, "घोडाला पाणी दे." मोतद्दार खाली मान घालून हसतो. साहेबानं शब्द बरोबर घेतला, प्रत्यय बरोबर लावला, तरी चुकला. का? मराठीत बहुतेक नामांना थेट प्रत्यय लागत नाही. 'घोडा'चं आधी 'घोड्या' व्हावं लागतं, मग 'ला' लागतो. 'पाणी'चं 'पाण्या', 'सासू'चं 'सासवे', 'भाऊ'चं 'भावा'. मराठी घरातलं चार वर्षांचं पोरही इथं सहसा अडखळत नाही, म्हणून मराठी माणसाला या बदलाला नाव द्यावंसं कधी वाटलं नव्हतं. परका अडखळला तेव्हा ते लागलं. या रूपाला सामान्यरूप म्हणायची रीत पुढं पक्की झाली. विल्यम केरीनं १८०५ सालीच सेरामपूरहून मराठीचं व्याकरण इंग्रजीत काढलं होतं, तेही अशाच अडखळणाऱ्यांसाठी. आपल्या भाषेचं एक आरंभीचं छापील व्याकरण बंगालात, परक्या माणसानं, परक्यांसाठी लिहिलं, याचं मला वाईट वाटत नाही. उंबरा दिसतो तो ठेच लागणाऱ्याला.

त्याच काळातलं एक मोडी पत्र हातात घ्या. आधी ओळभर रेघ मारलेली, मग तिला टांगलेली अक्षरं. शब्द कुठं संपला, वाक्य कुठं संपलं, काही खूण नाही. सरावलेला कारकून ते घडाघडा वाचतो, तुम्ही तिसऱ्या शब्दाशीच थांबता. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह या खुणा मराठीत रुजवायचं श्रेय मेजर थॉमस कँडीला देतात. १८५० साली त्याचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक निघालं. कँडीनं मराठीला इंग्रजी वळण लावलं अशी तक्रार जुनी आहे आणि ती पुरती खोटी नाही. पण ते मोडी पत्र एकदा हातात घेतलेला माणूस ती तक्रार जरा हळू आवाजात करेल.

चौदावं शतक. इथं फार थांबायचं नाही, कारण इथली मंडळी तुम्हाला पोथी दाखवणारच नाहीत. महानुभाव पंथानं आपल्या पोथ्या पुढं सांकेतिक लिपींत बंद करून ठेवल्या. पंथाचे गुरू चक्रधरस्वामी मराठीत बोलले. ते गेल्यावर म्हाइंभटांनी माणसं गाठून गाठून आठवणी गोळा केल्या, केसोबासांनी वचनं निवडून सूत्रपाठ लावला. आता अडचण अशी की वचन गुरूचं, म्हणजे त्यातला एक प्रत्ययही इकडचा तिकडं व्हायला नको. अर्थ लावायचा तर कोणता शब्द कोणत्या विभक्तीत आहे हे ठरवावं लागणार. या गरजेतून भीष्माचार्यांचं 'पंचवार्तिक' आलं. मराठीच्या व्याकरणावरचा सगळ्यात जुना ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. दादोबांच्या आधी चारशेहून अधिक वर्षं मराठी माणसानं मराठीचं व्याकरण मराठीत लिहिलं, आणि शाळेत याचा उल्लेखही होत नाही.

तिथून थोडं मागं, आणि परत आपल्या जिल्ह्यात. तेर. गोरोबाकाकांचं अंगण. चाक थांबलेलं आहे, मडकी उन्हात मांडलेली आहेत आणि संत मंडळी रांगेनं बसली आहेत: निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, नामदेव. ही आख्यायिका आहे, पण जिल्ह्यात ती कुणालाही विचारा. मुक्ताई थापटण्याकडं बोट दाखवून विचारते, हे काय? काका म्हणतात, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही परीक्षा घ्या, असं ती सुचवते. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प बसतात. नामदेव चिडतात. काका निकाल देतात: हे मडकं कच्चं आहे.

इथं मात्र सावकाश बसा, कारण अलंकारांचा अख्खा धडा या अंगणात आहे. काका म्हणाले असते, "नाम्याचं डोकं मडक्यासारखं आहे", तर ती उपमा. डोकं उपमेय, मडकं उपमान, 'सारखं' हा साधर्म्य दाखवणारा शब्द. "नाम्याचं डोकं जणू मडकंच" म्हणाले असते तर उत्प्रेक्षा, कारण 'जणू'नं कल्पनेला वाट दिली, तरी दोन्ही वस्तू अजून वेगळ्या आहेत. "नाम्याचं डोकं म्हणजे मडकं" म्हणाले असते तर रूपक, दोन्हींत भेद उरला नाही. पण काका यातलं काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी नामदेवांचं नावच घेतलं नाही. 'हे मडकं कच्चं आहे.' उपमानानं उपमेय गिळून टाकलं. संस्कृत अलंकारशास्त्रात हा अतिशयोक्तीचा एक प्रकार आहे, अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त त्याला रूपकातिशयोक्ती हे नाव आहे. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकवतात, त्यामुळं हा प्रकार मुलांना भेटतच नाही. एखादे मास्तर म्हणतील, ही अन्योक्ती: बोलायचं एकाविषयी आणि ऐकवायचं दुसऱ्याला. लेकी बोले सुने लागे, ती तर घरोघरी चालते. मग अतिशयोक्ती की अन्योक्ती? दोन शिक्षकांनी यावर मधली सुट्टी भांडून घालवावी, मुलांनी ते ऐकावं. तेवढ्यात अलंकार शिकून होतील.

आणखी एक बारकावा. सगळ्यांच्या डोक्यावर थापटणं बसलं तेव्हा अजून एकही अलंकार झाला नव्हता. काकांनी डोक्याला मडक्यासारखं वागवलं, एवढंच. वाक्य नंतर आलं. नामदेवांना लागलं ते वाक्य.

शेवटची उडी मोठी. प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. राजा सातवाहन. ही कथा काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त लिहून ठेवली आहे. तिला इतिहास समजू नका, पण व्याकरणाच्या वर्गात यापेक्षा चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. वसंताचे दिवस. राजवाड्याच्या बागेतल्या पाण्यात राजा राण्यांबरोबर खेळतोय. तुम्ही काठावर, ओले कपडे सांभाळणाऱ्या दासींमध्ये उभे आहात. एक राणी थकते आणि संस्कृतात सांगते की आता माझ्यावर पाणी उडवू नका. तिच्या वाक्यात 'मोदकैः' असा शब्द येतो. राजा हात थांबवतो आणि सेवकाला फर्मावतो, मोदक आणा.

ताट येतं. राणी ताटाकडं बघते आणि हसायला लागते. अहो, पाण्यात मोदकांचं काय काम? मी 'मा' म्हणाले, म्हणजे नको, आणि 'उदकैः', म्हणजे पाण्यानं. तुम्हाला एवढा संधी कळत नाही? भोवतालचे लोकही हसतात.

आ आणि उ जवळ आले की ओ होतो. गुणसंधी. सास्तूरच्या वर्गात 'महोत्सव' आणि 'गंगोदक' लिहून घेताना हाच नियम येतो. गंगा अधिक उदक. मा अधिक उदक. तिसऱ्या इयत्तेतलं पोर मोदक आणि उदक यांतला फरक सांगेल, आणि राजा चारचौघांत फसला.

राजा अंगाला लागलेलं पाणी न पुसताच आत निघून जातो, कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. दोन मंत्री त्याला गाठतात. गुणाढ्य म्हणतो, व्याकरण शिकायला सगळ्यांना बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणतो, सहा महिन्यांत. गुणाढ्य भडकतो. तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा म्हणतो, नाही जमलं तर बारा वर्षं तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. बाहेर आल्यावर शर्ववर्म्याला घाम फुटतो. तो जाऊन कार्तिकेयाची आराधना करतो आणि एक आटोपशीर व्याकरण घेऊन परततो. त्याचं नाव कातंत्र, म्हणजे छोटं तंत्र. गुणाढ्य पैज हरतो आणि पैशाची भाषेत बृहत्कथा लिहायला रानात निघून जातो. गोष्ट सोडून द्या, पण कातंत्र खरंच आहे. बंगाल-काश्मीरात ते शतकानुशतकं शिकवलं गेलं, तिबेटी भाषेत गेलं, मध्य आशियाच्या वाळूत त्याची फाटकी पानं सापडली. पाणिनीचा डोंगर चढायला ज्यांना सवड नव्हती, त्यांचं ते पुस्तक.

राजाची बाजू कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. सातवाहनांचे नाणेघाटातले आणि नाशिकचे लेख प्राकृतात आहेत. महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती हाल सातवाहनाच्या नावावर आहे. या घराण्याची भाषा ती होती. आणि प्राकृतात दोन शब्दांच्या सीमेवरचे स्वर बहुधा एकमेकांत न मिसळता शेजारी सुटे बसतात. राणी घरच्या भाषेत बोलली असती तर 'मा' वेगळा ऐकू आला असता, पाणी वेगळं, आणि मोदकांचं ताट स्वयंपाकघरातच राहिलं असतं. राजाला भाषा येत होतीच. पाण्यात उभं राहून दुसरीच भाषा बोलायची पाळी आली, तिथं तो अडखळला. वर्ग त्याला हसला.

आता शर्ववर्म्याच्या शिकवणीला बसा. राजा पाटावर आहे. पहिला धडा वर्णांचा. शर्ववर्मा वर्णांची यादी पाठ करायला लावत नाही. वर्णांचा क्रम ठरलेलाच आहे, लोकांना तो माहीत आहे, असं म्हणून तो पुढं जातो. मग स्वर, व्यंजन, ऱ्हस्व, दीर्घ अशी नावं देत जातो. संधीचे नियम अजून सुरू व्हायचे आहेत. त्याआधी, पहिला पाद संपता संपता, तो एक सूत्र घालतो: इथं जे सांगितलेलं नाही, ते लोकांच्या बोलण्यावरून घ्यावं.

राजा विचारतो, "कोणत्या लोकांच्या?"

शर्ववर्मा पुढचं सूत्र सांगायला घेतो.